बैलाला अहो, मालकाला अरे

बैलाला ते अहो म्हणायचे आणि बैलाच्या मालकाला अरे. मालक कोण आहे, किती एकरांचा धनी आहे, सोसायटीचा चेअरमन आहे की आमदाराचा व्याही, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. भर मोंढ्याच्या बाजारात, भर दुपारी रस्त्यात उभे राहून ते ओरडायचे, "ए, इकडं ये. यांच्या मानंला काय झालं?" यांच्या म्हणजे बैलाच्या. मग बैलाकडे वळून, आवाज एकदम उतरवून, "थांबा हो जरा. आता मोकळं करतो." लोक पोट धरून हसायचे. पहिल्या दिवशी मीही हसलो. ते त्यांनी बघितलं. म्हणाले, "ज्याच्या मानंवर वझं, त्याला अहो म्हणावं. तुझ्या मानंवर हाये का काही?"

माझ्या मानेवर तेव्हा इस्तरीची कॉलर होती.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. जालना अजून जिल्हा व्हायचा होता. आमचं तालुक्याचं गाव रेल्वेलाइनवरचं. नाव सांगत नाही, कारण तिथली काही माणसं अजून हयात आहेत आणि माझा राग अजून गेलेला नाही. गावात कापसाचा मोठा व्यापार होता, सरकी काढण्याच्या जिनिंग होत्या, आणि रुईच्या गाठी बैलगाड्यांतून रेल्वेच्या मालधक्क्यावर जायच्या. कायदा शिकायला औरंगाबाद गाठावं लागे. कॉलेजात हजेरी कोणी फारशी मागत नसे, म्हणून आम्ही आठवड्यातून दोनदा-तीनदा जायचो. बैलाला अहो म्हणणारे हे गुरुजीही कॉलेजात आमच्याबरोबर शिकायचे; एरवी नगरपालिकेच्या प्राथमिक शाळेत मास्तर. शनिवारची अर्धी शाळा उरकून ते गाडी पकडायचे. वय चाळीसच्या पुढं. शिकवणारे प्राध्यापक त्यांच्याहून लहान. त्यांना हाका मारताना प्राध्यापकांचीही पंचाईत व्हायची, म्हणून तेही गुरुजीच म्हणायचे.

कराराच्या कायद्यात गुरुजी दोनदा नापास झाले होते आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे. "करार मानसामानसांत होतेत," ते म्हणायचे. "त्यांचं ते बघून घेतील." जनावरांना छळू नये असा जो कायदा आहे, तेवढा मात्र त्यांना कलमागणिक पाठ. त्याची एक प्रत कायम खांद्यावरच्या पिशवीत, आणि सोबत हळद-तेलाची बाटली, सुती चिंध्या आणि घोड्याच्या नालेसारखी वाकडी कात्री. कात्री पायांत अडकलेली दोरी कापायला. ती बघून एकदा रेल्वेतल्या पोलिसानं त्यांना खाली उतरवलं होतं.

आम्ही तिघं-चौघं त्यांच्या नादी कसे लागलो, याचं खरं उत्तर म्हणजे आम्हाला फिर्यादी लिहायची हौस होती. वकील व्हायचं होतं आणि खरी कामं कुणी देत नव्हतं. गुरुजींकडे कामांना तोटा नव्हता. विद्यार्थ्याला कोर्टात उभं राहता येत नाही, पण फिर्यादीला येतं. म्हणून प्रत्येक कामात फिर्यादी गुरुजी आणि लिखाण आमचं. बैलबाजाराच्या दिवशी आम्ही बाजारात पोतं अंथरून बसायचो. पुठ्ठ्यावर लिहिलेलं असायचं, 'जनावरांची कोर्टाची कामे फुकट करून मिळतील.' लोकांना तेवढीच करमणूक. एकानं विचारलं, "माझी म्हैस पान्हा चोरून राह्यली. तिला नोटीस धाडता का?" आम्ही खिदळलो. गुरुजी अजिबात हसले नाहीत. म्हणाले, "धाडतो. पहिलं हे सांग, पेंड कोण चोरून राह्यलं?" तो गडी निमूट उठून गेला.

फिर्याद लिहायच्या आधी त्यांची एक अट असायची. त्यांच्या खोलीच्या अंगणात एक जुनं जू पडलेलं होतं. ते दोघांनी मानेवर घ्यायचं आणि त्यांनी बास म्हणेपर्यंत उभं राहायचं. माझ्या जोडीला सुधाकर, कापडदुकानदाराचा मुलगा. त्याला घाम फुटला की तो म्हणायचा, "गुरुजी, कलम लिहायला जू कशाला लागतं?" आणि गुरुजी म्हणायचे, "मंग काय लागतं? पेन?" मान दोन दिवस वळायची नाही. मी शेतकऱ्याच्या घरातला. आमच्या गोठ्यात तीन जोड्या होत्या. जू कुठं घासतं ते मला लॉ कॉलेजात गेल्यावर कळलं, याची लाज त्या वेळी वाटली नाही. आता वाटते.

पोळ्याला ते गावात थांबत नसत. "एक दिवस पुरणपोळी आन् मंग सालभर आर," म्हणायचे. आर म्हणजे पराणीच्या, बैल हाकायच्या काठीच्या, टोकाचा तो खिळा. पोळ्याच्या आदल्या दिवशी मी त्यांना हौसेनं आमच्या घरी घेऊन गेलो होतो, जांब समर्थच्या वाटेवर आमचं गाव आहे तिथं. गुरुजी बौद्ध. छप्पन साली त्यांच्या घरानं धर्म बदलला. हे आमच्या वडिलांना मी सांगितलं नव्हतं. त्यांनी ते गुरुजींच्या गावाच्या नावावरून आणि आडनावावरून दोन मिनिटांत काढलं. पाणी आलं ते ओसरीच्या खाली, वेगळ्या तांब्यात. गुरुजींनी तांब्याकडे बघितलंही नाही. ते सरळ गोठ्यात शिरले. त्यांच्या समाजाचं कुणी आमच्या गोठ्यात तोवर शिरलेलं नव्हतं, जनावर मेल्याखेरीज. "कोण हाये रे तिकडं? बाहीर हो!" वडील ओरडले. गुरुजी आमच्या म्हाताऱ्या बैलाची मान चाचपत होते. तिथूनच म्हणाले, "यांना पाणी दिलं का? का यांचाबी तांब्या येगळा हाये?"

मी मध्ये उभा होतो.

परतताना एसटीत त्यांनी मला एवढंच सांगितलं. "माझा बाप गावची मेलेली ढोरं वढायचा. जितं आसलं की आमी गोठ्याला शिवायचं न्हाई. मेलं की आमचं. छप्पनला बापानं दोर टाकला. म्हणला, आता वढणार न्हाई. गावानं पिठाची गिरणी बंद केली, हिरीवर येऊ देईना. बापानं दोर न्हाई उचलला. मंग मी म्हणलं, मेल्यावरचं बंद झालं, आता जितेपणीचं बघू." मग ते झोपले. मी उतरायचं ठिकाण येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत बसलो.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते.

एप्रिल महिना होता. शाळा सकाळच्या झाल्या होत्या. जिनिंगकडून मालधक्क्याकडं जाताना एक चढ आहे. त्या चढावर रुईच्या गाठींनी भरलेली एक गाडी अडली आणि डाव्या अंगाचा तांबडा बैल गुडघ्यांवर बसला. मानेवर तळहाताएवढी जखम, तिच्यावर जू, जुवावर सगळा भार. गाडीवाला पराणी टोचत होता आणि रडकुंडीला आला होता. "मालक बोलतील हो, टायमावर माल पोचला न्हाई तर." मालक म्हणजे गावातला बडा माणूस, अशा सहा गाड्यांचा धनी. कुणीतरी मला सांगितलं, मी सायकल घेऊन धावलो. वाटेत शाळेच्या खिडकीतून गुरुजींना हाक मारली. ते परीक्षेच्या वर्गावर होते, सोडून येणं शक्य नव्हतं. खिडकीतूनच म्हणाले, "आधी सोडा त्यांना. पाणी पाजा. सावलीत घ्या. कागद मंग. मी आलोच शाळा सुटली की."

आधी पाणी, कागद मग. इतकं सोपं होतं.

मी पोचलो आणि मला चेव चढला. चांगली ठसठशीत केस समोर होती. साक्षीदार होते, जखम होती, पराणी होती. गुरुजी यायच्या आत सगळं चोख करून दाखवायचं असं माझ्या डोक्यात शिरलं. मागोमाग आलेल्या सुधाकरला जमादाराला आणायला पिटाळलं, जनावरांच्या डॉक्टरला बोलावणं धाडलं, जो दौऱ्यावर होता आणि आलाच नाही, आणि जिनिंगच्या ओट्यावर बसून फिर्याद लिहिली. सुरेख लिहिली, आणि या वेळी फिर्यादी म्हणून सही माझीच. शेवटी मागणी केली की सदर बैल मुद्देमाल म्हणून जप्त करून सरकारी ताब्यात ठेवण्यात यावा. पुस्तकात तसंच असतं. जमादारानं वाचलं, मान डोलवली, पंचनामा केला आणि बैल नेला.

सरकारी ताबा म्हणजे गावचा कोंडवाडा, हे मला तो कोंडवाड्याच्या दिशेनं वळला तेव्हा कळलं. चुकार ढोरं कोंडायची ती जागा. चार भिंती, अर्ध्या भागावर पत्रा, आणि एक हौद, ज्याला तळाशी भेग. पाणी टिकायचं नाही.

गुरुजी आले. मी कागद पुढं केला. त्यांनी तो हातातही घेतला नाही. विचारलं, "पाणी पाजलं का?"

मी कागद आणखी पुढं सरकवला.

"कुठंयत ते?"

मी सांगितलं. त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ते कोंडवाड्याकडं पळत सुटले. चाळिशी उलटलेला माणूस, धोतर एका हातात धरून.

कोंडवाड्यावर एक कारकून होता. माणूस क्रूर नव्हता, हे सांगितलं पाहिजे. क्रूर असता तर कधीतरी कंटाळला असता. त्यानं बैल वेगळा, कोपऱ्यात आखूड बांधला होता, कारण मुद्देमाल इतर ढोरांत मिसळायचा नसतो. गळ्यात मुद्देमालाच्या नंबराची चिठ्ठी आणि लाखेचा शिक्का. चिठ्ठीची सुतळी बरोबर जखमेवरून गेलेली. गुरुजींनी ती नुसती सरकवू द्या म्हणून हात जोडले. मी त्यांना माणसापुढं हात जोडताना पहिल्यांदा पाहिलं, आणि तेही त्या कारकुनाला अहो म्हणत.

"गुरुजी, मुद्देमाल हाये," कारकून म्हणाला. "शिवलं तर मी गुंतन. कोर्टाचा हुकूम आना, मंग बिलकुल माझी ना न्हाई."

"आन् तवर वैरण कोण घालंल? पाणी?"

"पोलिसांनी घालायला पायजे. माल त्यांचा."

पोलीस म्हणाले, कोंडवाडा नगरपालिकेचा, त्यांनी घालायची. नगरपालिकेत म्हणाले, कोर्टाच्या हुकमाशिवाय आम्ही कसं घालू. कोर्टात मॅजिस्ट्रेटसाहेब रजेवर. त्यांच्या जागी दुसऱ्या गावाहून आठवड्यातून एकदा जे साहेब यायचे, त्यांनी आमचा अर्ज चष्म्याच्या वरून वाचला आणि शेरा मारला: नियमित तारखेस ठेवावा. आणि त्याच शाईनं दुसरी ओळ: त्या दिवशी मुद्देमाल हजर ठेवावा. नियमित तारखेला अकरा दिवस होते.

बैल माझ्याकडं द्या, मी सांभाळतो, असा एक ओळीचा अर्ज पहिल्या दिवशीच फिर्यादीसोबत जोडता आला असता. सुपुर्दनामा म्हणतात त्याला. वकिलाचा कारकूनही विसरत नाही. मी विसरलो. माझ्या फिर्यादीत इंग्रजी निवाड्यांचे दाखले होते.

कोंडवाड्याच्या नियमाप्रमाणं कारकून प्रत्येक ढोराला दिवसाला पेंढीभर कडबा आणि घमेल्याच्या तळापुरतं पाणी द्यायचा, त्याहून जास्त काही नाही. आम्ही भिंतीवरून हिरवा चारा आत फेकायचो. तो मोकळी ढोरं खाऊन जायची, आखूड बांधलेल्यापर्यंत काही पोचायचं नाही. दुपारी बारानंतर पत्रा तापायचा. गुरुजी शाळा सुटली की येऊन फाटकाशी उभे राहायचे. "अहो, जरा दम धरा," आत बघून म्हणायचे. "तारीख हाये. येईल तारीख." येणारे-जाणारे हसायचे. मी त्यांच्या बाजूला उभा राहून त्या हसणाऱ्यांना शिव्या घालायचो. शिव्या घालणं सोपं होतं.

सहाव्या दिवशी ते बादली घेऊन भिंत चढले. पन्नाशीकडं झुकलेली हाडं, भिंतीवर काचा लावलेल्या. आत उतरले, बैलाच्या तोंडाशी बादली धरली. तो प्याला. बादली रिकामी होईपर्यंत त्यानं डोकं वर काढलं नाही, असं मला सुधाकरनं सांगितलं, कारण तो भिंतीवर होता आणि मी नव्हतो. मी कोर्टात दुसरा अर्ज टाईप करत होतो. कारकुनानं पोलीस आणले. मुद्देमालाशी छेडछाड केली म्हणून गुरुजींना संध्याकाळपर्यंत चौकीत बसवलं. तळहात काचांनी फाटलेले, तसेच. दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांना नोटीस आली: आपणांस सेवेतून कमी का करू नये? गाड्यांचा मालक आणि नगरपालिकेतले दोघे-तिघे एका ताटात जेवणारे, हे वेगळं सांगायला नको. आणि कोंडवाड्याला कुलूप लागलं. पोलिसाचं.

तारखेच्या दिवशी सकाळी आम्ही गेलो. कॉलेजातल्या वर्गातले सात-आठ जण मजा बघायला आलेले. कारकुनानं चौकीतून किल्ली आणून कुलूप काढलं. बैल कोपऱ्यात आडवा पडला होता. दावं इतकं आखूड, की मेल्यावरसुद्धा मान जमिनीला टेकली नव्हती.

मग कारकून गुरुजींकडं वळला. अगदी सहज, सायकलची हवा भरून आणायला सांगावं तसा म्हणाला, "गुरुजी, तुमच्या वस्तीतली चार मानसं बोलवा की. वढून न्या म्हणावं जल्दी. वास सुटंल."

गुरुजींचा चेहरा मी पाहिला. आज इतकी वर्षं मी कोर्टात माणसांचे चेहरे बघतो आहे. तसा पुन्हा पाहिला नाही. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "हुकूम वाच."

"कसला?"

"मुद्देमाल हजर ठेवावा. मेला तर ठेवू नये, असं लिहिलंय का त्यात?"

"पर वढणार कोण?"

गुरुजी आमच्याकडं बघत राहिले. दोघं सोडून वर्गातले बाकी सगळे घड्याळ बघत हळूच सटकले. जिनिंगमधून एक ढकलगाडा आणला. मी दावं सोडलं. सुधाकरनं मागचे पाय धरले, बाकीचे दोघं पोटाखाली हात घालायला वाकले. माझ्या घराण्यात मेलेल्या जनावराला आजवर कुणी हात लावला नव्हता. हे वाकताना माझ्या डोक्यात आलं, खोटं कशाला बोलू. आणि गुरुजी बाजूला उभे होते. हाताची घडी. बोटसुद्धा लावलं नाही. आम्ही घामाघूम, दोनदा बैल गाड्यावरून घसरला, आणि हा आडदांड माणूस नुसता उभा. मला त्यांचा भयंकर राग आला. मी ओरडलो, "गुरुजी, हात तर लावा!"

"न्हाई," ते म्हणाले.

एवढंच. तो राग कोर्टाकडं जाणारा चढ चढेपर्यंत टिकला. पुढं ते चालत होते, मागं आम्ही गाडा ढकलत होतो, दुतर्फा दुकानं. कापडाच्या दुकानातून सुधाकरचे वडील बाहेर आले आणि परत आत गेले. कुणी नाकाला धोतर लावलं, कुणी विचारलं, "हे पोरं महारकी कवापासून करून राह्यले?" तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांच्या बापानं खाली टाकलेला दोर मी त्यांना उचलायला सांगत होतो. रस्त्यात, सगळ्यांसमोर, ओरडून.

कोर्टाच्या आवारात शिपाई आडवा आला. गुरुजी त्याला ओलांडून आत गेले. पुकारा झाल्यावर म्हणाले, "मुद्देमाल हजर हाये साहेब. बाहीर येऊन बघा."

साहेब रुमाल नाकाला लावून व्हरांड्यापर्यंत आले. पायरी उतरले नाहीत. मालकाच्या वकिलानं तिथल्या तिथं अर्ज दिला: जनावर सरकारी ताब्यात असताना मेलं, सबब आमच्या अशिलाचा त्याच्याशी संबंध नाही. आणि जखम? वकील म्हणाले, पंचनाम्यात जखमेचं माप नाही, डॉक्टरचा दाखला नाही, आणि जखमेवर सुतळीची खूण स्पष्ट दिसते आहे, म्हणजे ती जप्तीनंतरची. मालक तासाभरात मोकळा झाला. जाताना माझ्याकडं बघून हसला. कायदा माझा होता, सुतळीही माझीच.

गुरुजी कोर्टाच्या पायरीवर बसले. पिशवीतून कोरा कागद काढून माझ्यापुढं धरला. "लिही. दुसरी फिर्याद. ताब्यात आसलेल्या जनावराला उपाशी मारलं."

मी लिहायला घेतलं. फिर्यादी, त्यांचं नाव. आरोपी नंबर एक म्हणून मी कोंडवाड्याच्या कारकुनाचं नाव लिहिलं. त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांच्या तळहाताच्या जखमा अजून ओल्या होत्या.

"खोड ते. त्याला दोन नंबर दे. सरकारी ताब्यात द्या, असं पहिल्यांदा कोण म्हणलं?"

मी खोडलं आणि तिथं माझं नाव लिहिलं, वडिलांचं नाव, आडनाव, राहणार, धंदा विद्यार्थी. मला वाटलं, आता ते म्हणतील राहू दे, कळलं तुला. ते तसं काही म्हणाले नाहीत. त्यांनी खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याच सायकलवर डबलसीट बसून आम्ही ती दाखल करायला गेलो. कोर्टातला कारकून वाचून खो खो हसला. "फिर्यादी आन् आरोपी येकाच सायकलवर? असं कुठं आस्तं का गुरुजी? बराबर लिहून आना." कागद परत केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तिसऱ्या दिवशी पुन्हा. दर वेळी कागद परत.

चौथ्या दिवशी औरंगाबादला माझा फौजदारी कायद्याचा पेपर होता. मी सकाळची गाडी पकडली. गाडी मालधक्क्यावरून पुढं सरकली तेव्हा मला कोर्टाचं आवार दिसलं. फाटक अजून उघडलं नव्हतं, आणि फाटकाशी, माझ्यावरची फिर्याद हातात घेऊन, गुरुजी एकटेच उभे होते.